दोन पहाटा आणि एक एक्सल बूट

एप्रिलच्या शेवटी टायरची हवा बघायला वाकलो तेव्हा उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले. हात आत घालून चाचपलं. एक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, आणि त्याच्या जॉइंटवरचं ग्रीस भरलेलं घडीदार रबरी आवरण म्हणजे बूट. चाकाकडच्या बुटाच्या घडीत बोटभर चीर गेली होती. गाडी २००९ ची वॅगनआर, बाबांची. ते रबर इतकी वर्षं नागपूरचं ऊन खात आलं होतं, त्याला तरी काय बोलणार!

जवळच्या गॅरेजात विचारलं. "पूरा एक्सलच टाकून घ्या ना भाऊ. नुसत्या बुटासाठी कोण खोलत बसते?" खर्च साडेपाच हजार. त्यांचंही बरोबर असेल, बूट बदलायला वेळ जातो आणि गॅरेजचं पोट वेळेवर चालतं. पण बूट फाटला म्हणजे जॉइंट गेला, असं नसतं. बूट म्हणजे नुसतं झाकण. आतल्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात. चाक वळलेलं असतानाही इंजिनाचा जोर त्याच्यापर्यंत एकसारखा पोचतो तो त्यांच्यामुळे. स्वच्छ ग्रीसमध्ये त्या वर्षानुवर्षं टिकतात. फटीतून धूळ गेली की तेच ग्रीस पॉलिशपेपरसारखं काम करतं आणि खाचा खाऊन टाकतं. अँबेसेडर-पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या, त्यांना ही भानगडच नव्हती. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीबरोबर हे बूटही आपल्याकडे घरोघरी आले.

म्हणून आधी जॉइंट तपासला. मानेवाड्याच्या एका मोकळ्या मैदानात काचा खाली केल्या, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल चकरा मारल्या, आधी एका बाजूने मग दुसऱ्या. कट-कट असा आवाज आला असता तर मी निमूट पूर्ण एक्सल टाकून घेतला असता. आवाज नव्हता. मग मात्र थांबायचं नव्हतं, कारण जूनमध्ये पाऊस लागला की चिरेतून चिखलपाणी आत गेलं असतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत काम उरकायचं ठरवलं.

घाट रोडवरच्या पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगून चाकाकडचा आणि गिअरबॉक्सकडचा असे दोन्ही बूट, पट्ट्या आणि ग्रीसची पाकिटं घेतली, साडेपाचशे रुपयांत. दुकानदाराने चिकटवायचा बूटही दाखवला, काहीच न खोलता बसवता येतो तो. मला तो नको होता. जोड आहे तिथून तो कधीतरी उघडणारच. चाक ज्यावर बसतं त्या हबचा नवा नटही घेतला, कारण जुना नट ठोकून लॉक केलेला असतो, तो पुन्हा वापरायचा नसतो. गिअर ऑइल धरून सगळं पंधराशेच्या आत बसलं.

शेजारचे काका मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. सॉकेट, लांब टॉमी आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, त्यांचाच. पहाटे पाचला सुरुवात केली, कारण नऊनंतर अंगणात उभं राहवत नाही. गाडी जमिनीवर असतानाच मुलीला ब्रेक दाबून बसवलं, छन्नीने नटाचं लॉक उघडलं आणि नट सैल केला. मागच्या चाकांना विटा, खाली स्टँड, शिवाय काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवलेलं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. गिअर ऑइल काढलं, हबला खालून धरणारा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढला आणि छोट्या पहारीने एक्सल गिअरबॉक्समधून उचकटला. तो लोंबकळू दिला नाही, सुतळीने बांधून धरला आणि मगच बाहेर काढला. तिथल्या ऑइल सीलला धक्का लागला तर नवीनच काम निघतं.

खरी अडचण पुढेच होती. चाकाकडचा जॉइंट हातोडीने ठोकला की शाफ्टवरून, म्हणजे एक्सलच्या दांड्यावरून, निघतो, असं मी धरून चाललो होतो. दोन ठोके मारले, तोच काकांनी हात धरला. "काहून ठोकून राहिला बाप्पा? हा जॉइंट इकडून निघतच नाही." आणि ते खरं होतं. या गाडीत चाकाकडचा जॉइंट शाफ्टपासून वेगळा करायचाच नसतो. गिअरबॉक्सकडचा, तीन रोलरवाला जॉइंट खोलायचा आणि दोन्ही बूट त्याच टोकाने ओवायचे. मी आणखी जोरात ठोकत राहिलो असतो तर चांगला जॉइंट माझ्याच हाताने खराब झाला असता. ते दोन ठोके अजून आठवतात.

मग त्या बाजूची पट्टी कापली, रोलर ज्यात बसतात तो कप आणि रोलर यांच्यावर रंगाची खूण केली, सर्कलिप म्हणजे रोलर अडवून धरणारी कडी काढली आणि तीन रोलरचा तुकडा ओढून घेतला. दोन्ही जुने बूट निघाले. त्यानंतर दोन तास फक्त सफाई. माझ्या मते सगळं काम इथेच आहे. जॉइंट सगळीकडे वाकवून प्रत्येक गोळी समोर आणली, रॉकेलने धुतली, पुसली, पुन्हा धुतली. काळ्या ग्रीसमध्ये बोटांना रेतीचे कण लागत होते. कण लागेनासे होईपर्यंत सोडलं नाही. गोळ्यांच्या खाचा गुळगुळीत निघाल्या तेव्हा फार बरं वाटलं. पातळ कापड झाकून सगळं वाळत ठेवलं. नव्या बुटांना मात्र रॉकेलचा हातही लावला नाही, रबर त्याने फुगतं.

दुसऱ्या पहाटे जोडणी. शाफ्टच्या दातऱ्यांवर टेप गुंडाळली, म्हणजे बूट आतून चिरत नाही. आधी चाकाकडचा बूट, मग गिअरबॉक्सकडचा. ज्या जॉइंटचं ग्रीस त्याच जॉइंटमध्ये, सगळं पाकीट. पट्टी आवळण्याआधी बुटाच्या तोंडात बोथट पेचकस घालून हवा आत घेतली, नाहीतर तो आत ओढला जाऊन पिचकतो. पट्टीचं टोक गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच्या उलट दिशेला दुमडायचं. मी पहिली पट्टी चुकीची दुमडली होती, ती काकांच्या डब्यातली दुसरी घेऊन पुन्हा बसवली.

एक्सल गिअरबॉक्समध्ये ढकलल्यावर खट असा आवाज आला. तरीही कप हाताने ओढून पाहिला, तो हलला नाही. बाकीचं उलट्या क्रमाने. नटाला टॉर्क रेंच लावला, छन्नीने लॉक ठोकलं, गिअर ऑइल भरलं.

पुढच्या रविवारी सगळे रामटेकला गेलो. गड चढताना प्रत्येक वळणावर काच खाली करून ऐकत होतो. घरी आल्यावर रिमच्या आत हात फिरवला, कोरडी धूळ तेवढी हाताला लागली. मग डाव्या बाजूलाही बॅटरी मारून पाहिली. त्या बुटाच्या घड्यांत बारीक भेगा आहेत. त्याचा सेट आणून ठेवला आहे, आणि काकांना येता रविवार मोकळा ठेवायला सांगितलं आहे.