सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं

२०१९ च्या जुलैत कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला माझा नंबर लागला. गावात पेढे वाटून झाले आणि त्याच रात्री अप्पांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. शिक्षण शुल्क ८४,०००. त्यावर विकास शुल्क, खोलीभाडं, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान. आमची सोलापूर जिल्ह्यातली कोरडवाहू जमीन, दोन म्हशी आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे १,८०,०००. अप्पांनी बेरीज दोनदा केली, वही मिटली आणि न बोलता गोठ्याकडे गेले.

त्या चार वर्षांत मी दोन योजनांवर शिकले. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचे. पहिली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, प्रवेश कॅपमधून झाला असेल आणि महाराष्ट्राचा अधिवास असेल, तर निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क सरकार भरतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही योजना मिळत नाही आणि एका घरातल्या दोनच मुलांना मिळते. विकास शुल्क यात धरत नाहीत, ते आपल्यालाच भरावं लागतं. बी.एस्सी.च्या मुलांनाही याच नावाची योजना आहे, फक्त ती पोर्टलवर उच्च शिक्षण संचालनालयाखाली दिसते. आमची तंत्रशिक्षण संचालनालयाखाली. माझ्या मैत्रिणीने आठवडाभर चुकीच्या विभागात शोधलं म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. घर सोडून शिकणाऱ्यांच्या राहण्याखाण्याला ही मदत. माझ्या वेळी पुण्यात राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलाला दहा महिन्यांचे मिळून ३०,००० रुपये मिळायचे. माझ्याएवढं घरचं उत्पन्न आहे, पण अल्पभूधारक दाखला नाही, अशांना १०,०००. मधले वीस हजार म्हणजे माझी जवळजवळ वर्षभराची मेस. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. खेड्यातल्या पोरापुढे फीइतकाच मोठा प्रश्न शहरात रात्री टेकायचं कुठे हा असतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पुण्यात पहिल्या महिन्यात मला याची फार वेळा आठवण झाली.

तर प्रश्न त्या अल्पभूधारक दाखल्याचा होता. दोन हेक्टरपर्यंत जमीन असली की तो मिळतो. आम्हाला वाटायचं, आपल्याला कोण नाही म्हणणार? अप्पा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा, घेऊन तहसीलला गेले. खिडकीतल्या माणसाने कागद पाहिला आणि विचारलं, "हे खातेदार कोण?"

"माझे वडील. वारले सहा वर्षांपूर्वी."

"मग तुमच्या नावावर काय आहे?"

काहीच नव्हतं. आजोबा गेल्यावर वारस नोंदच कुणी केली नव्हती. सात एकर, म्हणजे २.८ हेक्टर, अजून आजोबांच्या एकट्याच्या नावावर. कागदाच्या हिशेबाने अप्पा भूमिहीन होते आणि ज्यांच्या नावावर जमीन होती ते अल्पभूधारकात बसत नव्हते. पेरणी अप्पा करतात, सोसायटीचं कर्ज अप्पा फेडतात, गावात कुणालाही विचारा शेत कुणाचं. पण दाखला गावाला विचारून निघत नाही.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्यांकडे द्यावा लागतो. मग फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हे पंधरा दिवस कुणाच्याही ओळखीने कमी होत नाहीत आणि होऊही नयेत. आमच्याकडे आणखी एक नाजूक गोष्ट होती. वारसांत आजी, अप्पा, काका आणि आत्या. गावातल्या दोघा-तिघांनी अप्पांना सुचवलं, "बहिणीकडून आत्ताच हक्कसोड करून घे, पुढं कटकट नको." मी तेव्हा सुट्टीत घरीच होते. अप्पा म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाचा कागद करायला निघालोय आणि बहिणीचं नाव खोडू का?" आत्या सही करायला आली तेव्हा तिला हे कुणीतरी सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. जाताना माझ्या हातात पाचशेची नोट कोंबून गेली.

नोंद मंजूर व्हायला सप्टेंबर उजाडला. तलाठ्यांनी अहवालात अप्पांचा हिस्सा लिहून दिला, त्यावर दाखला निघाला. मी नवा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपये भरून काढला. चार नावं एकाखाली एक. मी तो फोनवर आत्याला पाठवला, तर तिने दुसऱ्या दिवशी त्याची प्रिंट काढून देवघराजवळ ठेवली, असं तिच्या मुलाने सांगितलं.

दरम्यान कॉलेजने प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी मागितली होती. पात्र विद्यार्थ्याकडून निम्मंच शिक्षण शुल्क घ्यावं असा शासनाचा आदेश आहे, हे मला वसतिगृहातल्या एका सीनियर मुलीने सांगितलं. तिनेच आदेशाची प्रत दिली. मी काउंटरवर ती पुढे केली, आवाज थरथरत होता, पण मागे हटले नाही. अर्ध्या तासाने हमीपत्र घेऊन प्रवेश दिला: शिष्यवृत्ती माझ्या खात्यात जमा झाली की ती कॉलेजात भरेन. भांडायला लागलं नाही. कागद हातात होता म्हणून बोलता आलं.

वसतिगृहात पहिल्या महिन्यापुरतीच सोय होती, नंतर मी तिघींबरोबर एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले. निर्वाह भत्त्यासाठी नोटरी केलेला भाडेकरार लागतो. काकूंना वाटलं, करार केला की घरावर काहीतरी बोजा चढेल. दोन आठवडे त्या टाळत राहिल्या. शेवटी एका रविवारी मी त्यांना योजनेची माहिती वाचून दाखवली, कराराचा मसुदा ओळ न ओळ समजावला. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, आधी असं सांगायचंस ना." दुसऱ्या दिवशी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही झाली. खोली ठरवतानाच करार कराल का, हे विचारून घ्या. भाड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

अर्ज भरतानाची माझी मोठी अडचण अगदी साधी होती. आधारला अप्पांचा मोबाइल नंबर जोडलेला. मी पुण्यात नेट कॅफेत आणि ओटीपी जाणार शेतात, जिथे रेंज फक्त विहिरीच्या काठावर. अप्पा तिथे उभे राहून एकेक आकडा मोठ्याने सांगायचे, तोवर वेळ संपलेली. चौथ्या खेपेला जमलं. पुढच्याच सुट्टीत आधार केंद्रात जाऊन माझा नंबर जोडून घेतला.

अर्ज आधी कॉलेजच्या लेखनिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे आणि तिथून संचालनालयाकडे. डिसेंबरात माझ्या अर्जापुढे 'सेंड बॅक' आलं. मी रडले, खरंच. वाटलं, अर्ज फेटाळला. फेटाळला नव्हता, दुरुस्तीसाठी परत आला होता. मी रेशनकार्डाचं फक्त पहिलं पान चढवलं होतं, कुटुंबातल्या नावांचं पान राहिलं होतं. कारण तिथे शेऱ्यात लिहिलेलंच होतं, मी घाबरून ते वाचलंच नव्हतं. दहा मिनिटांचं काम. पण अर्ज परत आलाय हे आपण पोर्टल उघडून पाहिलं तरच कळतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी लॉगिन करायची सवय लावून घेतली. वर्गातल्या एकाने महिनाभर पाहिलं नाही आणि दुरुस्तीची मुदत निघून गेली. त्या वर्षीची त्याची फी गेली.

मंजुरी आली, मी रक्कम मागणीचं, म्हणजे रिडीमचं, बटण दाबलं, पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसलं आणि माझ्या खात्यात एक रुपया नाही. बँकेत दोन चकरा मारल्या. "तुमचं आधार खात्याला लिंक आहे," एवढंच उत्तर. मग एका मित्राने फोनवरून *९९*९९*१# लावायला सांगितलं. आधार क्रमांक टाकल्यावर थेट लाभाचे पैसे कोणत्या बँकेत जातात ते दिसतं. माझ्या आधारापुढे गावाकडच्या बँकेचं नाव आलं. आठवीत शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं! खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि थेट लाभासाठी तेच खातं नोंदलेलं असणं वेगळं. खाती कितीही असोत, हे पैसे त्यांपैकी एकाच खात्यात जातात. आईने ट्रंक उपसून पासबुक काढलं, पैसे तिथे होते. ते काढून कॉलेजात भरले आणि पुण्याच्या बँकेत रीतसर फॉर्म देऊन नोंद बदलून घेतली. पुढच्या तीन वर्षांत नूतनीकरणाचा अर्ज एका बैठकीत व्हायचा, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो तेवढा नवा काढावा लागायचा.

एक चुटपुट राहिली. मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची, उत्पन्न मर्यादा तीच ८ लाख. पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतानाच तिचा अर्ज करता येतो. मला ती तिसऱ्या वर्षात कळली. आणि ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे ५ टक्के जादा जागा ज्यांना शिक्षण शुल्कच नसतं, त्याचा पर्याय कॅपच्या अर्जातच होता. मी तो न समजता रिकामा सोडला होता.

२०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरायचा निर्णय घेतला. बातमी वाचून अप्पांनी मला फोन केला. धाकटीचे कागद त्यांनी आधीच एका निळ्या फाइलमध्ये लावून ठेवले होते, वर चिकटपट्टीवर तारखा.

आता दर मे महिन्यात गावातून चार-पाच फोन येतात. बारावी झालेलं पोर, सोबत काळजीतला बाप. निकाल किती, कोणतं कॉलेज, हे मी नंतर विचारते. पहिला प्रश्न एकच असतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? "आजोबांच्या" असं उत्तर आलं तर सांगते, उद्या सकाळीच तलाठ्यांकडे जा.