आधी सँड

बुधवार, रात्री

आपल्याला काय जमत नाही, हे माणसाला साधारण ठाऊक असतं. मला फर्नेसचं विजेचं काम कळत नाही, म्हणून तिथं मी निमूटपणे मेंटेनन्सवाल्याला विचारतो. घोटाळा होतो तो जे चांगलं येतं तिथंच.

मी फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या मोल्डमध्ये (साच्यात) ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, आलो तो सँड लॅबमधून. वाळूतला ओलावा, परमिएबिलिटी (तिच्यातून वायू किती सहज बाहेर पडतो), मोल्डची ताकद यांत माझी उमेदीची वर्षं गेली. आता कोल्हापूरजवळ शिरोलीला क्वालिटी बघतो. आज पुन्हा कास्टिंगला, म्हणजे ओतून झालेल्या भागाला, ब्लोहोल आले आणि मी सवयीनं सँड प्लँटकडं निघालो, तर फेटलिंगचा (कास्टिंग साफ करायच्या खात्याचा) जुना माणूस हसत म्हणाला, "सायेब, ब्लोहोल दिसला की तुमी पयल्यांदा वाळूकडंच पळतासा."

खरंय ते. ब्लोहोल म्हणजे धातू गोठताना आत अडकलेल्या वायूनं पडलेलं भोक. तो वायू ओल्या वाळूतून येतो, तसाच कोअरच्या (भागात पोकळी राहावी म्हणून मोल्डमध्ये ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) बाइंडरमधूनही, म्हणजे वाळू चिकटवणाऱ्या द्रव्यातूनही येतो. नीट न तापवलेल्या लेडलमधून (धातू ओतायच्या भांड्यातून) येतो, व्हेंट बुजला तर बाहेर पडायला वाट मिळत नाही, धातू थंड ओतला तरी अडकतो. ही यादी मला तोंडपाठ आहे. तरी पाय वळतात वाळूकडंच. वाळू कधी कधी खरोखरच दोषी निघते, त्यामुळं सवय आणखी पक्की होते.

डोळ्याचंही असंच असतं. ज्या जागेतून दृष्टीची नस बाहेर पडते तिथं पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मारिओत या फ्रेंच संशोधकानं 1660च्या दशकात ही जागा दाखवून दिली. घरी करून बघता येतं: कागदावर फुली काढायची, उजवीकडं चार बोटांवर ठिपका द्यायचा, डावा डोळा झाकून फुलीवर नजर ठेवायची आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथं काळं भोक मात्र दिसत नाही, कोरा कागद दिसतो, कारण मेंदू जागा भरून काढतो. मला यातलं हेच जास्त भीतीदायक वाटतं. काही राहून गेलंय असं वाटतच नाही, मग शोधायचं काय?

लुफ्ट आणि इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांची 1955ची 'जोहारी खिडकी' ट्रेनिंगवाल्यांची फार लाडकी. तिच्या चार खणांतला एक असा, की इतरांना माझ्याबद्दल ठाऊक आहे आणि मला नाही. तो उघडायचा तर इतरांनी सांगायला हवं. पटतं. पण सांगणाऱ्याला ते किती महागात पडेल, हे त्या चौकटीत कुठं दिसतं?

गंगावेस तालमीत पैलवान कितीही तयारीचा असो, कुठं पाय उघडा पडतोय हे वस्ताद कडेनं ओरडून सांगतो. त्याचा तो मानच. आमच्याकडं ज्यांना दिसतं ते हाताखालचे. चहाच्या गाड्यावर कुणाची भीडभाड न ठेवणारा कोल्हापूरकर पाळीवर आला की "व्हय सायेब" एवढंच बोलतो. "माझं काय चुकतं?" विचारलं तर "काय न्हाई" याशिवाय उत्तर येत नाही. त्यापेक्षा "मी आल्यावर आधी काय विचारणार, सांग बरं" असं विचारलं तर लोक खुशीत सांगतात, नक्कलसुद्धा करून दाखवतात. (मोल्डिंगच्या एकानं माझी चालही दाखवली. ती इतकी वाकडी नसावी.)

दुपारी रिजेक्शनच्या तक्त्याचा क्रम बदलला. कारणाचा रकाना आधी मोल्डिंग, कोअर आणि मेल्टिंगवाल्यांनी एकमेकांचं न बघता भरायचा. माझं नाव शेवटी.

संध्याकाळी पहिल्या चिठ्ठ्या आल्या. तिन्हींवर एकच शब्द: सँड. आता ती खरंच वाळू आहे, की साहेबांना काय आवडतं हे तिन्ही खात्यांना पाठ झालंय? उद्या फेरी कोअर शॉपपासून सुरू करणार.