बोअर मोठं गेलंय

"मामा, कालच्या लॉटमधलं बोअर माझ्याकडनं मोठं गेलंय."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सकाळी शिफ्ट बदलताना खानापूरकडच्या नव्या पोरानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक; ते मापापेक्षा मोठं झालं होतं.) सुपरवायझरच्या कपाळावर आठी चढायच्या आत म्हातारे टर्नर म्हणाले, "बरं झालं सांगिटलास बघ. गेज आण."

पोरगा माप तपासायचं गेज आणायला पळाला. तेवढ्यात दुसरा एकजण पुटपुटला, त्याच्याही मशीनवरचं टूल झिजलंय म्हणून. (कधीपासून, देव जाणे!)

संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत हेच दिसलं होतं: चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदल्या जातात, कारण सांगायची भीती नसते. आमच्याकडं टीम बिल्डिंग म्हणजे आंबोलीची सहल आणि एकसारखे टी-शर्ट.

तुमच्याकडं आधी चूक सांगणाऱ्याचं काय होतं?