तंबाखू नाही गं, मिश्री लावते तेवढी

आमच्या कॉलेजच्या दातांच्या क्लिनिकमध्ये पेशंट खुर्चीत बसला की आधी फॉर्म. बीपी, शुगर, चालू असलेल्या गोळ्या आणि मग तंबाखू. काकू साताऱ्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मी विचारलं, "काकू, तंबाखू खाता का?" त्या दुखावल्याच. "छे गं! आपल्यात कोण तंबाखू खातंय? मिश्री लावते तेवढी. सकाळ-संध्याकाळ."

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मी "हो"च्या चौकोनात खूण केली आणि तसं त्यांना सांगितलंही.

अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी डेंटल हायजीनची असोसिएट डिग्री करते आहे. या कोर्सबद्दल तुम्ही बरेच जण विचारता, म्हणून हे लिहिते आहे. घरी फोनवर सांगितलं की प्रश्न ठरलेला, "म्हणजे दातांची डॉक्टर होणार?" नाही. इथे दातांच्या दवाखान्यात वेगवेगळी माणसं असतात. असिस्टंट डॉक्टरांना खुर्चीजवळ मदत करतो, लॅबवाला कॅप आणि कवळ्या बनवतो आणि हायजिनिस्ट दात साफ करते, हिरड्या तपासते, एक्स-रे काढते, तेही स्वतःच्या लायसन्सवर. आपल्याकडच्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्यातही हायजिनिस्टची वेगळी नोंदणी होती, पण मी कराडला असेपर्यंत एकही हायजिनिस्ट पाहिली नव्हती. तिथे सगळं डॉक्टरच करायचे.

एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, शिकता येतं, हे मला इथे येऊन चार वर्षांनी कळलं. माझी मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी होती, पण कॉलेजला सायन्सचे विषय अलीकडच्या वर्षांतले हवे होते. म्हणून छत्तिसाव्या वर्षी अॅनाटॉमी, केमिस्ट्री आणि पुन्हा मायक्रोबायोलॉजी. मुलगी शाळेत गेली की माझा अभ्यास सुरू. असोसिएट डिग्री दोन वर्षांची म्हणतात, ती या विषयांनंतरची दोन वर्षं. त्यानंतर साडेतीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, हाताच्या कामाची वेगळी परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. विचारताय म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं. नुसतं "दोन वर्षांचा कोर्स" ऐकून कुणी घाईने फी भरू नये.

हा पेशा याच राज्यात जन्मला, ही गोष्ट मला फार आवडते. इथून तासाभरावर ब्रिजपोर्ट आहे. तिथल्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या चुलत बहिणीला, आयरीन न्यूमनला, दात साफ करायला शिकवलं. 1913 मध्ये त्यांनी जगातली पहिली हायजिनिस्टची शाळा काढली. तिथून शिकलेल्या बायका ब्रिजपोर्टच्या शाळांमधून पोरांचे दात तपासत, साफ करत, त्यांना ब्रश कसा धरायचा ते दाखवत. दात किडल्यावर काढण्यापेक्षा किडूच द्यायचे नाहीत, हा तेव्हा नवा विचार होता.

पहिलं सत्र प्लॅस्टिकच्या जबड्यावर गेलं. रांगोळी काढताना आपला हात अधांतरी असतो. इथे अनामिका शेजारच्या दातावर रोवायची आणि तिच्या आधाराने हत्यार फिरवायचं. बोट जरा सुटलं की मागून बाईंचा आवाज. महिनाभर माझं मनगट रात्री ठणकायचं.

खरी अडचण पुढे आली. पेशंट आपले आपण आणायचे, आणि त्यातले काही भरपूर किटण चढलेले हवेत. वर्गातल्या इतरांकडे मावश्या, मामे, शेजारी असे कितीतरी लोक. माझ्याकडे नवरा. शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलं. तिथेच काकूंची सून भेटली.

काकूंच्या मनात एकच भीती. "साफ केले की दात हलायला लागतात म्हणे." हे मी लहानपणापासून ऐकलंय. माझ्या आईचे खालचे दोन दात याच भीतीपायी गेले, म्हणून या वाक्याचा मला राग येतो. किटण दात धरून ठेवत नाही. त्याच्यावर जंतूंचा थर बसतो, हिरडी सुजते, खालचं हाड हळूहळू झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, फक्त किटणाच्या भिंतीमुळे कळत नाही. भिंत काढली की हलणं जाणवतं आणि बोल लागतो साफ करणाऱ्याला.

मी प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, दात आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे ते मोजलं. एका दाताभोवती सहा ठिकाणी. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी. "पाच, चार, सहा," मी आकडे सांगत होते, मैत्रीण लिहून घेत होती. खालच्या ओठाच्या आत, मिश्री लावायच्या जागी, पांढरट सुरकुतलेला चट्टा होता. बाईंना दाखवला, त्यांनी क्लिनिकच्या डॉक्टरांना बोलावलं. मिश्री आजपासून बंद, पुढच्या खेपेला पुन्हा बघू, गेला नाही तर तुकडा काढून तपासायचा. हे मी काकूंना मराठीत, सावकाश, दोनदा सांगितलं. त्या गप्प झाल्या.

मग खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. लाळेची ग्रंथी तिथेच उघडते, म्हणून किटण तिथे सगळ्यात जास्त. काकूंचे चार दात मिळून एकच दगडी पट्टी झाली होती. स्केलर, म्हणजे किटण खरवडायचं हत्यार, फिरवताना तिचा एक मोठा तुकडा सुटला. काकूंनी जीभ लावून पाहिली आणि माझं मनगट घट्ट पकडलं. "अगं, दात पडला का माझा?"

मी आरसा हातात दिला. दात चारही जागेवर होते, त्यांच्यामध्ये फटी दिसत होत्या. कितीतरी वर्षांनी. काकू बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

सगळं तोंड साफ व्हायला तीन खेपा लागल्या. त्यानंतर पाच आठवड्यांनी पुन्हा मोजायला बोलावलं. चट्टा बराच फिका झाला होता, डॉक्टरांनी साताऱ्याला गेल्यावरही दाखवत राहायला सांगितलं. मिश्रीची डबी त्यांनी पहिल्याच दिवशी सुनेकडे दिली होती. दोनदा परत मागितली, हेही स्वतःहून सांगितलं.

मी प्रोब उचलला. यावेळी काकूंनीच विचारलं, "मागं सहा होता ना गं तो? आज किती?"

"चार, काकू."

"आणि मागची दाढ?"

दाढ अजून सहावरच होती. तेही सांगितलं.