वादळाआधीचे दोन दिवस: कौलं, पत्रे, गुरं आणि मांजर

अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. कोकणातल्या घरांना मे-जूनचं वादळ नेमकं नको तेव्हा गाठतं, कारण शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, चालू असते. निम्मी कौलं अंगणात, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) उघड्या आणि गडी उद्या येतो म्हणून गेलेला. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यात माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मेमधलं ‘तौक्ते’ जमिनीवर गेलं ते गुजरातेत, तरी जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले पत्रे घेऊन गेलं. त्यामुळे ‘आपल्याकडे आदळणार नाही ना’ एवढंच विचारून गप्प बसू नये.

हवामान खात्याचा ‘सायक्लोन अलर्ट’ साधारण 48 तास आधी येतो, ‘सायक्लोन वॉर्निंग’ 24 तास आधी. छपरावरचं काम अलर्ट येताच काढायचं. वारा ताशी 50-60 वर गेला की पत्र्यावर माणूस उभा राहू शकत नाही आणि ओल्या कौलांवरून पाय सटकतो. शेवटचे बारा तास दार लावून आत बसण्यासाठी ठेवायचे. शिडी, तार, हातोडी यातलं काहीही तेव्हा हातात असता कामा नये.

आधी पत्र्याचा हिशेब बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 120 किलोमीटरला तो दर चौरस मीटरला सुमारे 68 किलो भरतो, म्हणजे दहा बाय तीन फुटांच्या एका पत्र्यावर 180 किलोंच्या वर. पत्रा स्वतः जेमतेम 12 किलोंचा. शिवाय छप्पर खाली दाबलं जात नाही, वर खेचलं जातं, आणि सर्वांत जास्त वळचणीला आणि कोपऱ्यांत. पत्र्यावर दोन चिरे आणि वाळूचं पोतं ठेवून काही होत नाही. उलट पत्रा उचकटला की तो चिरा कुणाच्या तरी डोक्यावर जातो. करायचं ते हे: पत्रा वाशाला पकडणारे जे-हुक गंजले असतील तर बदला, रबरी वायसरसकट. वळचणीला आणि आढ्याजवळ एक पन्हळ सोडून एक हुक हवा. हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगटात मारला की गळणारच. मग वासे भिंतीला बांधलेत का ते पाहा. पत्रा वाशाला घट्ट आणि वासा भिंतीवर नुसता टेकलेला असेल तर अख्खं छप्पर एकसंध उडतं. आठ गेजची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार वाशावरून घेऊन भिंतीतल्या लोखंडी कडीला पिळून बांधावी.

कौलारू घरात वळचणीच्या दोन ओळी आणि कोने (आढ्यावरची कौलं) आधी जातात. त्या ओळी रिपेला तारेने बांधा. जुनं मासेमारीचं जाळं मिळालं तर छपरावर पसरून, चारही बाजूंनी दोरी ताणून खुंट्यांना बांधा. कौल सुटलं तरी उडत नाही. शाकारणी अर्धी असेल तर नवीन भाग उघडू नका, उघडा आहे तो आधी झाका. पन्नासेक सुटी कौलं घरात ठेवा, कारण वादळानंतर महिनाभर ती मिळत नाहीत, मिळाली तर दुपटीने.

दारं-खिडक्या सगळ्या बंद. ‘हवा खेळायला एक खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला कोण देतं कुणास ठाऊक, पण ऐकू नका. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वरून ओढतो. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारूनही काच वाचत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात. त्यापेक्षा 12 मिलीमीटरचं प्लायवूड चौकटीला स्क्रूने बसवा.

अंगणातली डिश, कुंड्या, ताडपत्री, सायकल आत. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि वाळकी झावळं आधीच पाडून घ्या, पण पाडलेलं तिथेच टाकू नका. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरा: हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची, रिकामी मात्र पहिल्या झोतात शेजाऱ्याच्या वाड्यात. पाणी लागणारच आहे. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद. रहाट शिल्लक असेल तर त्याची दोरी तपासा.

आता जनावरं. यांना वेळ सर्वांत जास्त लागतो, म्हणून ऊन असतानाच ठरवून टाका.

गोठा चिऱ्याच्या पक्क्या भिंतींचा आणि स्लॅबचा असेल तर गुरं आत राहू देत, पण सोडलेली. लाकडी खांबांवर पत्रे असलेला गोठा गुरांसाठी वादळापेक्षा धोक्याचा. तसा असेल तर आदल्या दिवशी त्यांना कुणाच्या पक्क्या पडवीत हलवा. तेही नसेल तर झाडं, तारा आणि ओढा यांपासून लांब, उंच मोकळ्या जागी सोडा. बांधलेलं जनावर छपराखाली सापडतं किंवा पाणी चढलं की जागीच बुडतं. बांधणं भागच असेल तर टोक ओढताच सुटेल अशी गाठ मारा. नायलॉनचं दावं भिजून ताणलं की गाठ आवळते आणि अंधारात बोटांनी सुटत नाही. काथ्याची दोरी बरी, आणि कोयता भिंतीला अडकवलेला हवा.

पेंढा जमिनीपासून फूटभर उंच मांडवीवर, वरून ताडपत्री दोरीने आवळून. भिजलेल्या पेंढ्याला बुरशी येते आणि बुरशीचा पेंढा पोट बिघडवतो, गाभण गाईला तर अजिबात नको. कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गाईला दिवसाला 5-6 किलो सुका चारा धरा, पाणी 30-40 लिटर, संकरित दुभतीला त्याच्या दीडपट-दुप्पट. शेळीला 4-5 लिटर. दोन गाईंना दोनशे लिटरचं पिंप जेमतेम अडीच-तीन दिवस पुरतं, म्हणून एकाच्या जागी दोन-तीन भरा. दुधाची गाडी येणार नसली तरी धार दोन्ही वेळा काढायची. दूध कासेत राहिलं की दगडी (कासदाह) होते.

कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा आणि जनावराचा एकत्र फोटो काढून ठेवा. जनावर दगावलं तर पंचनाम्याला तोच उपयोगी पडतो, आणि पंचनाम्याआधी पुरू नका.

मांजराच्या बाबतीत सगळे उशीर करतात. आवाज वाढला की ते माळ्यावर किंवा लाकडांच्या मागे दडतं आणि मग कुणाच्या बापाला सापडत नाही. बारा तास आधीच एका खोलीत कोंडा, एका ट्रेमध्ये वाळू किंवा लाकडाचा भुसा ठेवा. पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधा. कुत्र्याच्या पट्ट्यावर पक्क्या मार्करने मोबाइल नंबर लिहा. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक-सव्वा लिटर पाणी धरा. शांत राहावं म्हणून माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. कोंबड्या संध्याकाळीच डालून डालगं घरात घ्या, खुराडं बाहेर टिकत नाही. निवारा केंद्रात जायची वेळ येणार असेल तर शाळेच्या पडवीत कुत्रं चालेल का, हे सरपंचांना आधीच विचारा. ऐनवेळी दारात वाद घालून उपयोग नसतो.

कुत्र्याला बाहेर काढण्याचा मोह होतो तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असताना. वारा अचानक पडतो, उजेड येतो, लोक अंगणात येतात. नैर्ऋत्येकडून आलेलं वादळ थेट डोक्यावरून गेलं तर आधी वारा आग्नेयेकडून, जमिनीवरून येतो. डोळा सरकला की वायव्येकडून, समुद्रावरून, तेवढ्याच जोराने. आधीच सैल झालेले पत्रे आणि झाडं तेव्हा पडतात. कुत्र्याला साखळीत धरून उंबऱ्याबाहेर दोन पावलं, बस्स.

नंतर जनावरं लगेच चरायला सोडू नका. पडलेली तार मेली आहे असं कधीच धरू नका, त्यात ओल्या जमिनीवर गाय आपल्याआधी मरते. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता आणि तासभर थांबा. डबा महिनोन्‌महिने उघडा पडला असेल तर पावडर निकामी झालेली असते. कौलांचे ढीग काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका. फुरसं, मण्यार अशाच जागी बसतात.

आणि लोखंड वेचा. उडालेल्या पत्र्यांचे खिळे, वायसर, तारेचे तुकडे पेंढ्यात मिसळतात. गाय चारा न चावता गिळते, तार पोटाच्या जाळीदार कप्प्यातून हृदयापर्यंत जाऊ शकते आणि लक्षणं दिसेपर्यंत कधी कधी महिना उलटलेला असतो. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून गोठा, अंगण आणि पेंढा दोनदा पिंजून काढा, मगच वैरण टाका.