सुतार लिहू की मजूर?

उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हणजे आमच्या घरी कळण्याच्या भाकरीबरोबर चिंताही थापली जाते. निराधारचा पगार चालू ठेवायचा तर हयातीचा दाखला द्यावा लागतो, उत्पन्न दाखवावं लागतं. पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान. आमच्याकडे त्याला सगळे पगारच म्हणतात, आणि नडतं ते तिथेच.

गल्लीतला एक जण मागे म्हणाला, "मिस्तरी, तुमले पगार काबर? तुम्ही तं काम करतस!" चिडून नाही, खरंच कळत नव्हतं त्याला. मी ओट्यावर पोलपाट घासत बसलो होतो. काय सांगणार?

मी सुतार आहे. अमळनेरजवळच्या खेड्यातला, बापही सुतार. नोव्हेंबर २०१८ मध्ये जळगावच्या एका फर्निचरच्या कारखान्यात रंधा मशीनवर सागाची पट्टी लावत होतो. पट्टीत गाठ होती. गाठीवर पातं आपटलं, पट्टी उडाली आणि हात पुढे गेला. डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला, तर्जनी मधल्या पेरापासून. मधलं बोट राहिलं, पण ते आता नीट वाकत नाही. आई दवाखान्यात आली, हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "आंगठा गया तं गया, हात तं शे ना." मग बाहेर जाऊन रडली.

लोकांना वाटतं डावाच हात आहे, मग काय. कधी पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं धारदार हत्यार, धरलेली नसते त्यांनी. हातोडी उजव्या हातात असते, पटाशी डाव्यात. पटाशीचा कोन बसवतो तो अंगठा. खिळा धरायचा डाव्याने, काटकोन बघायचा गुण्या दाबून ठेवायचा डाव्याने, करवतीला लाकूड हलू द्यायचं नाही तेही डाव्याने. उजवा हात नुसती ताकद लावतो, अक्कल डाव्या हातात असते. पूर्वी दाराची चौकट दोन दिवसांत उभी करायचो, आता पाच दिवस लागतात. शिवाय खाच पाडताना पोराला पटाशी धरायला बसवावं लागतं. त्याची शाळा बुडते ती वेगळीच.

मालकाने पहिल्या आठवड्याचा दवाखाना केला, नंतर फोन उचलला नाही. हजेरीच्या वहीत माझं नावच नव्हतं. कामगाराच्या भरपाईचा १९२३ चा कायदा आहे, दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. कोर्टाच्या आवारातल्या एका टायपिंगवाल्याने सांगितलं. त्या कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के लिहिलेत आणि ते टक्के म्हणजे कमाईची ताकद किती गेली त्याचे. त्यानेच १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही सांगितला. ओडिशाकडचा सुतार, डावा हात कोपराच्या वर कापलेला. तक्ता काहीही म्हणो, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असं न्यायालयाने धरलं. मी त्याला दोनदा सांगायला लावलं. इतक्या लांबच्या माणसाबद्दल कधी इतकं जवळचं वाटलं नव्हतं.

दिव्यांगाच्या प्रमाणपत्राचं गणित मात्र वेगळं. तिथे काय गेलं ते मोजतात, त्याने काय अडलं ते नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी सकाळी सहाची एसटी धरली, नंबर लागला दोन वाजता. डॉक्टरांनी विचारलं, "उजव्या हाताने लिहिता ना?" म्हटलं, हो. "जेवता?" हो. "मग ठीक आहे." पटाशीबद्दल सांगायला तोंड उघडलं तोवर मागच्याला आत बोलावलं होतं.

कागदावर ३७ टक्के आले. अंगठ्याचे ३०, तर्जनीचे १०, म्हणजे मी ४० धरून बसलो होतो. पण हे टक्के सरळ मिळवत नाहीत, त्याला सूत्र आहे. त्या सूत्राने तीस आणि दहाचे सदतीस होतात. आमच्या धंद्यात माप इंच आणि सुतात, आठ सुतांचा एक इंच. सूतभर चुकलं तर दार घासतं, तेव्हा कमी-जास्तीचा राग मला नाही. पण सवलती, योजना, नोकरीतलं आरक्षण सगळं ४० पासून पुढे. दिव्यांगाच्या कार्डाचेसुद्धा रंग आहेत. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीसपासून पिवळं, ऐंशी आणि त्यापुढे निळं. माझ्या हातात पांढरं आलं. बायकोने ते देवघरात ठेवलं, म्हणाली निदान फोटो चांगला आहे.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं. मी केलं. यात वर्षं गेली, मधे लॉकडाऊनही झालं. २०२२ मध्ये दुसऱ्यांदा तपासणी झाली. या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कोनमापकासारखं काहीतरी लावून मधल्या बोटाचं वाकणं मोजलं, मग त्यांचं बोट माझ्या मुठीत देऊन म्हणाल्या, "दाबा, जोरात." मी दाबलं. त्यांनी सहज बोट काढून घेतलं. बोलल्या काही नाहीत, नुसतं लिहीत राहिल्या. ४२ टक्के झाले. हात तोच होता. या वेळी तो कुणीतरी धरून बघितला, एवढाच फरक.

पिवळं कार्ड मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. निराधार योजनेत दिव्यांग माणसाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं. मी हिशेब केला, दिवसाला १३७ रुपये. बायको शेतात निंदायला एक दिवस गेली तरी त्याहून जास्त आणते. म्हणजे दोघांनी घरी बसावं, तेव्हा आम्ही खरे. सुरुवातीला महिन्याला दीड हजार यायचे, गेल्या ऑक्टोबरपासून, म्हणजे २०२५ पासून, दिव्यांगांना अडीच हजार झाले. नाही म्हणणार नाही, किराणा त्यातच भरतो. पण त्या अडीच हजारांसाठी पोलपाट करायचं सोडू का? सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या वाळवंटात दुकान लावतो. पटाशी अडकवायला मी लाकडाचा एक शिकंजा केलाय, पोलपाटाचे पाय बसवण्यापुरता तो चालतो. चौकटीला नाही चालत.

एक गंमत सांगतो. कुठल्याशा फॉर्मवर "पुरुषांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा द्यावा" असं छापलेलं होतं. मी सही करतो म्हटलं तर खिडकीतला पोरगा म्हणे, ठसापण लागेल. मी हात वर केला. तो इतका गोंधळला की त्याने आधी मलाच सॉरी म्हटलं, मग फॉर्मला.

तर परवा तलाठ्याकडे गेलो. पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय, आम्ही भाऊसाहेबच म्हणतो. माणूस चांगला आहे. नाव, वय, घरात माणसं किती, सगळं लिहून झालं. मग विचारलं, "व्यवसाय?"

"सुतार."

पेन थांबलं. "मिस्तरी, सुतार लिहिलं तर मला उत्पन्न वाढवून दाखवावं लागेल. मग बसत नाही तुम्ही. मजूर लिहू?"

बापाच्या सातबाऱ्यावर कधी जमीन नव्हती, पण गावच्या प्रत्येक कागदावर नावापुढे सुतार होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. चावडीचा दरवाजा बापानेच केलेला, बिजागरी आता सैल झालीय, खालून घासतो.

म्हटलं, "लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. निघताना दार ओढलं तर मधेच अडलं. भाऊसाहेब म्हणाले, "मिस्तरी, एकदा येऊन बघता का याच्याकडे?"

"रविवारी येतो," म्हटलं. "पोराला शाळा नसते."