लोकरीचे वीस गुंडे

२००६ च्या सुमारास सोलापुरात, नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत, मी पहिल्यांदा 'रूनस्केप' हा अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन खेळ पाहिला. ४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमधील अँड्र्यू गोवर आणि त्यांच्या भावाने सुरू केलेला हा खेळ ब्राउझरमध्ये चालत असे आणि त्याचा मोठा भाग मोफत होता. महागडा संगणक किंवा दरमहाचे शुल्क न परवडणाऱ्या मुलांपर्यंत तो पोहोचला, तो मुख्यतः यामुळेच.

तलवारबाजीपेक्षा मला त्यातली साधी कामे भावली. एका शेतकऱ्याला लोकरीचे वीस गुंडे हवे असतात. त्यासाठी मेंढ्यांची लोकर कातरायची, खेळातल्या लंब्रिज गावच्या किल्ल्यात जाऊन ती चरख्यावर कातायची आणि त्याच्याकडे पोहोचवायची. माझे आजोबा आयुष्यभर चादरींच्या मागावर राबले, त्यामुळे पडद्यावरचा तो चरखा मला परका वाटलाच नाही. वरच्या पातळ्यांना खूप जास्त गुण लागत असल्याने एखाद्या कौशल्याची ९२ वी पातळी गाठली, तरी ९९ व्या पातळीच्या वाटेवर आपण जेमतेम निम्म्यावर असतो, आणि हा संथपणाच मला या खेळाचा खरा प्राण वाटतो, कारण मासे पकडता पकडता शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी खेळाडूशी तासन्‌तास गप्पा होत.

पुढे खेळ इतका बदलला, की अनेक जुने खेळाडू दुरावले. तेव्हा खेळ चालवणाऱ्या कंपनीने २००७ मधील जतन केलेल्या प्रतीवरून २०१३ मध्ये जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली आणि नवे बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकले. २०१८ पासून ती मोबाइलवरही आहे, आणि मी आजही तिथे लोकर कातायला जातो.